वहिनींची बाजू

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि मी हॉलमध्ये चटई टाकून डाव्या कुशीवर कलंडते आहे. चटई टाकली आहे ती आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या, प्रमिलावहिनींच्या बाजूला. त्या होत्या तोवर या बाजूला माझी पाठ कधी टेकली नाही. आता टेकते आहे, कारण त्या गेल्या वर्षी होळीनंतर गेल्या, आणि त्यांची बाजू गुळगुळीत आहे. माझ्या बाजूला आडवं झालं की फळ्यांच्या कडा बरगड्यांत घुसतात.

तुम्हाला आधी जागा समजायला हवी. आम्ही माथेरानला बोर्डिंग चालवतो. सासऱ्यांनी कुणा पारशाकडून घेतलेला उतारावरचा बंगला, खाली स्वयंपाकघर, वर हा मोठा हॉल, आणि हॉलची जमीन सागवानी फळ्यांची. दोघा भावांचं पटेना तेव्हा हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन पडलं. तिकडे थोरले, इकडे आम्ही. मोठ्या खिडक्या त्यांच्या वाट्याला गेल्या, सासूबाई आमच्या. पाहुणे दोन्हीकडे उतरायचे आणि निघताना सगळे तेच बोलून जायचे, प्रमिलावहिनींच्या बाजूची जमीन काय सुंदर आहे हो. मी हसून पिशव्या उचलून द्यायची.

यंदा त्यांच्या मुलीने, अस्मिताने, ठाण्याहून फोन करून सांगितलं की काकी, बाबा आता माझ्याकडेच राहणार, सगळं तुम्हीच बघा. पार्टिशन निघालं. ते उभं होतं तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक फिकट पट्टा उरला. पट्ट्याच्या एका अंगाला वहिनींची बाजू, गुळाच्या ढेपेसारखी तकतकीत. दुसऱ्या अंगाला माझी, काळी पडलेली, फळ्या कडेने उचकटलेल्या. पार्टिशन होतं तेव्हा निदान दोन्ही बाजू एका नजरेत यायच्या नाहीत. आता हॉलमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक जण पट्ट्यापाशी थांबतो, इकडे बघतो, तिकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

मला तो पट्टा नको आहे. दिवाळीचे पाहुणे यायच्या आत मला एकसंध हॉल हवा आहे, एका रंगाचा, ज्यात कुणाची बाजू नाही.

नेरळच्या भोईरकडे जमीन घासायची दोन मशीन आहेत. एक ढोलाचं. ढोलाला जाडा पॉलिशपेपर गुंडाळतात आणि ते लाकूड खातच पुढे सरकतं. त्याने दोन्ही बाजू एका पातळीवर येतात, पट्टा जातो. दुसरं लहान, गोल फिरणारं. ते नुसतं वरवर घासतं. जमीन उजळते, पण उंचसखल असेल ते तसंच राहतं आणि पट्टाही राहतो. भोईरने फोनवर फोटो पाहिले आणि म्हणाला, "काकी, चहाच्या टायमापर्यंत सांगा कुठलं. वरती गाडी येत नाही तुमच्याकडं, दस्तुरीलाच थांबती, तिथनं हातगाडीवाला बघावा लागंल." मी ढोलाचंच म्हणणार आहे. फोन उशाशी आहे. जरा डोळा लागू दे, मग सांगते.

डोळा लागत असताना खर्र खर्र आवाज येतो.

हा आवाज ओळखीचा आहे. दिवाळी तोंडावर आली की पार्टिशनपलीकडून यायचा, असाच दुपारी, सगळे निजले की. वहिनी करंज्यांसाठी नारळ खोवतायत असं मी समजायची. मनात म्हणायची, बाई बाई, एवढा नारळ? मग मीही हट्टाने दोन नारळ जास्त फोडायची. आमच्या करंज्या संपता संपायच्या नाहीत. ह्यांना पित्त व्हायचं, पण मी हरायची नाही.

पण आज कोण खोवतंय? मी मान वळवते, तर पार्टिशन जागेवर उभं आहे. पलीकडून कुणीतरी बोटाच्या पेराने टकटक करतं.

"शालन, माझ्या बाजूला झोपलीस ना?"

"तुम्ही कुठे आहात, वहिनी?"

"तुझ्या बाजूला. कसला वास मारतोय गं इथे. अजून फिनेल ओततेस?"

आमच्यात शब्दाला शब्द नेहमीच लागायचा, पण मी त्यांना अहो-जाहो कधी सोडलं नाही. माहेरी तसं वळण होतं. त्यामुळे मी अदबीनेच म्हणते, "वहिनी, तुम्ही वारलात."

"मग? म्हणून माझी बाजू वाऱ्यावर सोडू?"

पार्टिशनला दार कधीच नव्हतं. त्या दारातून आत येतात. अंगावर जांभळं इरकल, अंबाडा चापूनचोपून घातलेला. दवाखान्यात शेवटी शेवटी हात कसे काडीसारखे झाले होते, ते आता भरलेले आहेत. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे, आणि मला दिसू नये म्हणून त्यांनी ते पदराखाली धरलंय. माझ्या चटईकडे त्या अशा बघतात की जणू तिथे मांजर घाण करून गेलंय.

"उठ. पाय काढ माझ्या फळ्यांवरून."

"आता सगळ्याच माझ्या आहेत. अस्मिताने दिल्या."

"अस्मिताने दिल्या. तिच्या बापाने घासल्या होत्या का?" वहिनी वाकून फळीवरून हात फिरवतात. तो हात माझ्या पोराच्या डोक्यावरून कधी असा फिरला नाही. "मला कळलंय काय चाललंय तुझ्या मनात. मशीन आणतेस."

"आणते."

"तुझ्या बाजूला काय नाचायचंय ते नाच. माझ्या बाजूला मशीन लागता कामा नये."

"दोन्हीकडे लागणार. एक करायचंय मला."

"एक करायचंय हिला," वहिनी भिंतीला सांगतात. "माझं कापून स्वतःएवढं करणार. दुसरं येतंय काय."

मी उठून उभी राहते, आणि आम्ही भोईरच्या दुकानात आहोत. नेरळला त्याचं दुकान आहे म्हणतात, मी ते पाहिलेलं नाही, तरी हेच ते. सतरंजी अंथरली आहे. वहिनी लोडाला टेकून बसल्यात, मी त्यांच्या शेजारी, आणि आमच्या दोघींच्या मध्ये पोह्यांच्या बशा. समोर पाटावर ढोलाचं मशीन बसवलंय. अंगावर हिरवं कापड, वायर पुढे नीट गुंडाळून ठेवलेली. भोईर मुलीच्या मामासारखा हात बांधून उभा आहे.

"वजन?" वहिनी विचारतात.

"भरपूर आहे," भोईर म्हणतो. "दोघांनी उचलाय लागतंय."

"खायला काय लागतं?"

"लाकूड. काय बी चालतंय तिला. एका दुपारी अख्खा हॉल उरकती."

"चालून दाखव म्हणावं."

मशीन पाटावरून उतरतं आणि चालतं. खालच्या सतरंजीचं पीठ होतं, पोह्यांच्या बशीचं पीठ होतं, आणि मागे पांढरा सपाट रस्ता उरतो. त्यावर पट्टा नाही, डाग नाही, कुणाचं नाव नाही. मला ते फार आवडतं. मी लगेच म्हणते, "पसंत आहे."

"तुला पहिल्यापासून आवाज करणारंच आवडतं," वहिनी म्हणतात. "ती कोपऱ्यातली दाखवा."

कोपऱ्यात लहान मशीन मान खाली घालून बसलंय. इस्त्रीएवढं. भोईर ओशाळून म्हणतो, "ही गरीब आहे. हिच्यात कापायची ताकद नाही. नुसती उजळवती."

"हीच द्या."

"वहिनी, तिने माझी बाजू निघणार नाही. काळं आत मुरलंय. कडा उचलल्यात."

"कुणी उचलल्या?" वहिनी पोह्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकतात. "मी उचलल्या? रोज सकाळी बादली कोण ओतत होतं?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. कारण मी हीच गोष्ट काढायला कधीपासून टपलेय.

आम्ही दस्तुरीच्या रस्त्यावर आहोत. लाल माती, झाडांच्या मुळ्या, पुढे एक घोडा, आणि घोड्याच्या पाठीवर ढोलाचं मशीन बांधलेलं. घोडा प्रत्येक वळणावर थांबून मागे बघतो. वहिनी अनवाणी चालतायत आणि त्यांच्या टाचांना मातीचा कण लागत नाही. माझे पाय घोट्यापर्यंत लाल झालेत. रस्त्याच्या कडेला आमच्या सासूबाई त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्यात, त्या माझ्याकडे बघत नाहीत.

"वहिनी, उभ्या राहा जरा."

"चालता चालता बोल. घोडं थांबलं की पैसे मागतं."

"पार्टिशन पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन हॉलमध्ये आले. माझ्या माहेरी शहाबादी फरशी. रोज पाणी टाकून पुसायची, हे मला माहीत. लाकडाच्या जमिनीला पाणी लावायचं नसतं, कोरडं झाडून मेण चोळायचं असतं, हे मला कोण सांगणार? या घरात तुम्ही माझ्याआधी आलात. तुम्ही जिन्यात उभ्या होतात. मी न पिळलेलं फडकं फिरवत होते ते तुम्ही बघत होता."

"बघत होते."

"सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?"

"फळ्या फुगायला लागल्या तेव्हा तरी?"

"तेव्हाही तू विचारलं नाहीस." वहिनी वळत नाहीत, त्यांचा अंबाडाच माझ्याशी बोलतो. "त्या दिवशी सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? बादली बघून म्हणाल्या, धाकटी किती नीटनेटकी, थोरलीने कधी या हॉलला पाणी दाखवलं नाही. म्हटलं, पूस. पूस बाई, रोज पूस. सणावाराला दोनदा पूस."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या वळणावर कळतं. मी आयुष्यभर स्वतःला दोष दिला. वाटायचं माझ्या हाताला यश नाही, माझ्या बाजूला ऊन कमी, माझं नशीब कमी. पाहुणे त्यांच्या जमिनीचं कौतुक करायचे तेव्हा ह्या दारात उभं राहून म्हणायच्या, "धाकटीही फार मेहनत घेते हो." मी त्यालाही चांगुलपणा समजले होते.

"तुम्ही दुष्ट आहात," मी म्हणते.

"होते. आता मेले." त्या थांबतात. "पाय पुसून ये. जेवायची वेळ झाली."

स्वयंपाकघरात आहोत. खालचं, आमच्या हॉलच्या बरोबर खालचं. चुलीवर डाळ आहे आणि वहिनी पळी ढवळतायत, पण दुसरा हात अजून पदराखाली आहे. बाहेर भर दुपार, इथे दिवा नाही, तरी उजेड पडलाय. तांब्याच्या हंड्यावर, माझ्या हातांवर, भाकरीच्या पिठावर उभ्या उभ्या पट्ट्यांनी उजेड पडलाय.

मला कळत नाही हा येतो कुठून. मी मान वर करू लागते.

"वर बघू नकोस," वहिनी एकदम म्हणतात. "डाळ बघ. लागेल."

"उजेड कसला आहे?"

"कसला नाही. डाळ बघ म्हटलं ना."

इतकी वर्षं त्यांनी मला काही करू नको म्हटलं की मी ते करून बघितलंय. मी वर बघते.

डोक्यावर हॉलची जमीन आहे, खालून दिसणारी. माझ्या बाजूला काळोख. जाड, घट्ट, कुठून सुईएवढा उजेड येत नाही. आणि त्यांच्या बाजूला अख्खी जमीन पापडासारखी झालीय, उन्हात धरलेल्या पापडासारखी, आरपार. वरून कुणीतरी चालतंय, मांजर असावं, तर त्याचे चारही पाय मला खालून दिसतायत. फळीफळीतून खिळे टोकापासून डोक्यापर्यंत उघडे पडलेत.

"वहिनी, हे काय आहे?"

त्या पळी ठेवतात. पदर घसरतो आणि फडकं खाली पडून सुटतं. आत काचेचा तुकडा आहे, खिडकीच्या तावदानाचा, एका कडेने झिजून गोल झालेला. आणि त्यांच्या ओच्यातून लाकडाची सालपटं गळायला लागतात. पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, एकावर एक. चुलीपाशी, माझ्या पायांवर, डाळीत. मघापासूनचा तो आवाज पुन्हा येतो, खर्र खर्र, आणि मला सगळं समजतं.

"तुम्ही खोवत नव्हता," मी म्हणते. "फळ्या खरवडत होता. काचेने."

"मग कशाने खरवडतात? जुने सुतार काचेनेच खरवडायचे."

"दर दिवाळीला?"

"पाहुणे यायच्या आधी नवी नको दिसायला? मेण चोळून किती दिवस दिसणार? एक डाग पडला की खरवडायचं, वर मेण लावायचं. लोक म्हणायचे प्रमिलावहिनींच्या हातात काय आहे कोण जाणे." त्या वाकून सालपटं गोळा करायला लागतात, ती बोटांतून निसटतात. "पोरगी कॉलेजला गेली, ह्यांचं दुकान बुडालं, कुणी विचारायला आलं नाही. जमिनीचं मात्र येईल तो बोलायचा. तेवढं एक होतं माझ्याकडे."

"आता काही उरलंच नाही तुमच्या बाजूला."

"नाही उरलं," वहिनी म्हणतात. मग मान वर करतात, आणि त्यांच्या डोळ्यांत तो जुना राग आहे, जो मी जिन्यात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात पाहिलाय. "आणि तुझ्या बाजूला आहे. तुझी ती काळी, फुगलेली, वास मारणारी बाजू. वरचं काळं काढलं की खाली सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. हे मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं. पार्टिशनला पाठ लावून मी रोज दुपारी एवढंच सुख घेत होते."

मला आनंद होतो. तुम्हाला खरं सांगते, मला वाईट वाटत नाही, कणव येत नाही, आनंद होतो. पोटातून हसू येतं. आत्तापर्यंत ज्या ज्या बाईने पट्ट्यापाशी थांबून माझ्याकडे बघितलं तिला तिला हाताला धरून या स्वयंपाकघरात आणावं आणि म्हणावं, बघा वर.

"उद्याच भोईरला ढोल आणायला सांगते," मी म्हणते. "आधी तुमच्याच बाजूवर फिरवते. फळ्या फुटू देत, खिळे बाहेर येऊ देत. अख्ख्या गावाला बोलावते बघायला."

"बोलाव."

"अस्मितालाही बोलावते."

यावर मात्र त्या ओच्यात सालपटं धरून चुलीकडे तोंड फिरवतात.

हॉल बायकांनी भरलाय. चैत्रगौर मांडली आहे, कैरीच्या डाळीचा वास येतोय, आणि पार्टिशन मधोमध आहे तरी बायका त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच रांगेत बसल्यात. दोघींचं हळदीकुंकू एकाच दिवशी असायचं, मुद्दाम. बाजारपेठेतल्या बायकांची पंचाईत व्हायची, त्या एकीकडे डाळ खाऊन दुसरीकडे पन्हं प्यायच्या. इतक्या चैत्रांत त्यांनी मला बोलावलं नाही, मी त्यांना बोलावलं नाही. जिन्यात समोरासमोर आलो तरी एकीच्या हातातला करंडा दुसरीसमोर उघडला नाही.

वहिनी रांगेतून येतायत. हातात करंडा. सगळ्यांना लावून झालंय, मी शेवटची.

"कपाळ पुढे कर."

"मला नको."

"हळदीकुंकवाला आलेल्या बाईला तसंच पाठवत नाहीत. माझ्या बाजूला बसली आहेस ना? मग कर पुढे."

मी खाली बघते. खरंच, मी त्यांच्या बाजूला बसलेय. बायका माना वळवून बघतायत. बाईने कुंकू लावायला बोट उचललं की मान मागे घ्यायची नसते, मग ती कुणीही असो. मी कपाळ पुढे करते.

वहिनी बोट टेकवतात. बोट थंडगार आहे, आणि त्या ते दाबतात. कुंकू लावायला एवढं दाबत नाहीत.

"लागतंय, वहिनी."

"लागू दे."

"हाडाला लागतंय."

"इथलं तुला कळलंय," त्या माझ्या कानाशी म्हणतात, आणि त्यांच्या तोंडाला मेणाचा वास येतो. "आता कळल्यासारखं वाग. मी तुझ्याकडे मागत नाहीये. तुझ्याकडे मागायची वेळ माझ्यावर मेल्यावरही यायची नाही."

त्या आणखी दाबतात.

"अगं, उठ. चहा ठेवलाय."

ह्यांचा आवाज. मी डोळे उघडते तर डोळ्यांसमोर लाकूड आहे. मी चटईवरून घरंगळून पालथी झालेय, उशी पायाशी गेलीय, आणि कपाळ वहिनींच्या फळीवर टेकलंय. हे जिन्याच्या दारात कपबशा घेऊन उभे आहेत. पार्टिशन नाही. पट्टा आहे, त्याच्यावर खिडकीतलं ऊन आलंय.

"कपाळाला काय करून घेतलंस?" हे विचारतात.

मी हात लावते. भुवयांच्या मधोमध, अगदी जागच्या जागी, एक खळगा पडलाय. गोल, टिकलीएवढा, काठाला टणक. मी फोनच्या काळ्या काचेत बघते. तांबडं गोल उमटलंय, पदराने पुसते तर पुसलं जात नाही.

मग मी तिथे, जिथे कपाळ होतं तिथे, बोट फिरवते. मेणाखाली काहीतरी लागतं. नखाने मेण खरवडते, आणि चकचकीत खिळ्याचं डोकं दिसतं. हे खिळे फळीत खोल बुडवून वर लांबीचा लगदा भरून टाकलेले असतात, कधी दिसत नाहीत. हे डोकं लाकडाच्या बरोबरीला आलंय. वीतभर पुढे दुसरं. त्याच्यापुढे तिसरं. मी गुडघ्यांवर रांगत पट्ट्यापर्यंत जाते आणि अंगठा आडवा फिरवते. त्यांच्या बाजूने पट्ट्यावर चढताना अंगठा अडतो, चांगला अडतो. पट्ट्यावरून माझ्या बाजूला जाताना फळीची उचललेली कड सोडली तर काही नाही. सपाट. पट्ट्याखालची जमीन आणि माझी जमीन एकाच पातळीवर आहे.

"काय शोधतेस?" हे म्हणतात.

"काही नाही. कानातलं पडलं होतं."

फोन वाजतो. भोईर.

"काकी, कुठलं पाठवू? हातगाडीवाला उभा आहे दस्तुरीला."

"ढोलाचं पाठव. पण ते फक्त माझ्या बाजूला फिरवायचं, काळ्या. पट्ट्यापाशी थांबायचं."

"आन् पलीकडं? धाकटं फिरवू का?"

"पलीकडे मशीन नाही. हाताने. बारीक पेपर, वर मेण. मी समोर बसून करून घेईन."

"अहो पण मग पट्टा तसाच राहील की. तुम्हाला तोच नको होता ना? दोन्हीकडं ढोल मारू, एका दुपारचं काम आहे."

ढोल त्या खिळ्यांवर गेला की पेपर फाटेल, ठिणग्या उडतील, फळी फुटेल. भोईर आधी चकित होईल, मग खाली बाजारपेठेत जाऊन सांगेल. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, रात्री अस्मिताचा फोन येईल. मला हे सगळं समोर दिसतंय आणि गोडही लागतंय. पण वहिनींनी माझी एक गोष्ट जन्मभर स्वतःपाशी दाबून ठेवली आणि रोज दुपारी तिची चव घेतली. आज त्यांची एक गोष्ट माझ्या हाती लागलीय. ती मी गावाला वाटून संपवायची? माझी आहे ती. मी ठेवणार.

"काकी? का नको पलीकडं?"

हे बशीत चहा ओतायचे थांबलेत आणि माझ्याकडे बघतायत.

"ती बाजू चांगली आहे," मी म्हणते. "तिला मशीनची गरज नाही."

हे समाधानाने मान हलवतात. "प्रमिलावहिनींची बाजू पहिल्यापासूनच चांगली," म्हणतात, आणि माझा कप माझ्यापुढे, काळ्या फळीवर ठेवतात.

शब्द अगदी जिभेवर येतात. मी चहाबरोबर ते गिळते. कपाळ ठणकतंय.